विरुंगाचे राखणदार

२००७ सालातील ती एक रात्र होती. मध्य आफ्रिकेतील कांगो देशाच्या पूर्व भागात एक वनरक्षक आपल्या उघड्या छातीशी एक लहानसा, काळ्या केसांचा जीव धरून रात्रभर जागत होते. ते पिल्लू पर्वतीय गोरिलाचे होते, अवघ्या दोन महिन्यांचे. बंदूकधाऱ्यांनी त्याच्या आईला गोळ्या घालून मारले होते, आणि गस्तीवरील वनरक्षकांना ते सापडले तेव्हा आईच्या निष्प्राण देहाला बिलगलेले होते. गोरिलाची मादी आपले पिल्लू तीन-चार वर्षे दूर होऊ देत नाही. त्या उबेवाचून हे बाळ सकाळपर्यंत तरी जगेल, अशी आशा धरणे कठीण होते. औषधापेक्षाही त्याला एका जिवंत छातीची गरज होती, आणि त्या वनरक्षकांनी ती दिली. त्यांचे नाव आंद्रे बौमा. पिल्लाचे नाव पुढे एनडाकासी असे ठेवण्यात आले.

ही घटना जेथे घडली, ते विरुंगा राष्ट्रीय उद्यान आफ्रिका खंडातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९२५ साली बेल्जियमच्या राजवटीत त्याची स्थापना झाली, १९७९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली, आणि १९९४ साली त्याचे नाव धोक्यातील वारसा स्थळांच्या यादीत गेले. या तीन सालांमध्येच त्या भूमीचा भाग्योदय आणि दुर्दैव दोन्ही सामावलेले आहे. सुमारे ७,८०० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात निसर्गाने काहीही राखून ठेवलेले नाही. येथे धुमसणारे ज्वालामुखी आहेत, विषुववृत्तापाशी असूनही हिमाच्छादित असलेली रुवेन्झोरीची ५,१०९ मीटर उंचीची शिखरे आहेत, पाणघोड्यांचे एडवर्ड सरोवर आहे, हत्ती आणि सिंहांची गवताळ मैदाने आहेत आणि धुक्यात बुडालेली बांबूची वने आहेत. या वनांतच पर्वतीय गोरिला राहतो. मनुष्याचा इतका जवळचा आप्त, की त्याच्या डोळ्यांत पाहिलेला माणूस सहसा तो क्षण विसरत नाही.

मग या प्राण्याला मारले कोणी आणि कशासाठी? गोरिलाचे कातडे बाजारात विकले जात नव्हते, आणि तेथे त्याचे मांसही खाल्ले गेले नव्हते. त्याच २००७ सालच्या जुलै महिन्यात एका कळपातील अनेक गोरिला एका रात्रीत गोळ्यांना बळी पडले. सेनक्वेक्वे नावाचा रुपेरी पाठीचा कळपप्रमुख नरही त्यांत होता. त्याचा प्रचंड देह फांद्यांच्या तिरडीवर बांधून गावकऱ्यांनी खांद्यांवरून डोंगराखाली आणला. एखाद्या कर्त्या पुरुषाची अंत्ययात्रा निघावी तसे ते दृश्य होते, आणि त्याचे छायाचित्र जगभर पोहोचले. मृतदेहांतून काहीही कापून नेलेले नव्हते, पिल्ले पळवलेली नव्हती. म्हणजे ही शिकार नव्हती. तो एक निरोप होता, आणि तो वनरक्षकांसाठी होता: आमच्या धंद्याच्या आड येऊ नका.

तो धंदा कोळशाचा होता. दगडी कोळशाचा नव्हे, तर आपल्याकडे ज्याला लोणारी कोळसा म्हणतात, त्या लाकडाच्या कोळशाचा. तेथे त्याला मकाला म्हणतात. जंगलातील जुने वृक्ष तोडावेत, ओंडके रचावेत, त्यांवर माती लिंपून भट्टी बंद करावी आणि आत ते लाकूड दिवसचे दिवस मंद धुमसत ठेवावे. मग पोती भरावीत, आणि ती माणसांच्या पाठीवरून, सायकलींवरून, मालमोटारींवरून गोमा शहराकडे रवाना करावीत. किवू सरोवराकाठच्या त्या शहरात लाखो घरांच्या चुली याच कोळशावर पेटतात. १९९४ साली शेजारच्या रवांडात भीषण वंशसंहार झाला आणि त्यानंतर लाखो निर्वासित काही दिवसांत गोमाच्या परिसरात येऊन पडले. त्यांच्या छावण्या उद्यानाच्या अगदी कडेला होत्या, आणि भुकेल्या माणसाने सरपणासाठी जवळचे झाड तोडले तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा? परंतु निर्वासितांच्या मागोमाग शस्त्रधारी टोळ्याही आल्या. त्यांनी जंगलात ठाण मांडले, भट्ट्यांवर ताबा मिळवला, प्रत्येक पोत्यावर आपला कर बसवला. गरिबाच्या चुलीसाठी सुरू झालेली तोड बघता बघता बंदुकीच्या पदराखालचा व्यापार झाली. २००७ च्या हत्याकांडानंतर तर वन्यजीवांचे रक्षण ज्यांच्याकडे सोपवले होते, त्या व्यवस्थेतीलच एका वरिष्ठ अधिकाऱ्याला कोळशाच्या या धंद्याशी संगनमत केल्याच्या आरोपावरून अटक झाली. लोभाला कुंपण ठाऊक नसते.

ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तराजू आहे, त्यांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. श्रावकाने कोणता व्यवसाय टाळावा, हे सांगताना आपल्या पूर्वसूरींनी पंधरा कर्मादाने मोजली. त्यांत पहिले आहे अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडण्यासारखी अग्नीवर चालणारी उपजीविका; आणि दुसरे वनकर्म, म्हणजे वने तोडून केलेली कमाई. लहानपणी पाठशाळेत ही नावे घोकताना अनेकांना ती जुन्या काळाची, आजच्या जीवनाशी संबंध नसलेली यादी वाटते. विरुंगाकडे पाहिले म्हणजे कळते, की ती यादी करणाऱ्यांनी वस्तूंपेक्षा तिच्या मागची साखळी पाहिली होती. भट्टीत केवळ लाकूड जळत नाही. त्या लाकडात घरटी असतात, बिळे असतात, मुळांशी राहणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात, त्या झाडाने धरून ठेवलेले पाणी असते. आणि विरुंगात तर शेवटी एका आईचा देहही असतो. पोते विकत घेणाऱ्या गोमातील गृहिणीला यातले काहीच दिसत नाही. तिला फक्त भाव दिसतो. ग्राहक आणि हिंसा यांच्यामध्ये जितके हात, तितकी ग्राहकाची झोप शांत. पण साखळीचे टोक लांब आहे म्हणून ती तुटलेली नसते.

या साखळीच्या दुसऱ्या टोकाशी हिरव्या गणवेशातला वनरक्षक उभा असतो. तो बाहेरून आलेला नाही. तो त्याच डोंगरांतल्या एखाद्या खेड्याचा मुलगा आहे, त्याची आईही मकालावरच रांधते. अनेक घरांत ही नोकरी वडिलांकडून मुलाकडे आली आहे. युद्धाच्या काळात अशी वर्षे गेली, की सरकारी पगार हाती पडत नसे, तरीही ही माणसे गस्तीला जात राहिली. आज उद्यानात सुमारे आठशे वनरक्षक आहेत आणि त्यांत स्त्रियाही आहेत. फासे शोधून काढणे, बेकायदा भट्ट्या मोडणे, गोरिलांच्या प्रत्येक कळपाचा माग ठेवून आजारी प्राण्याची खबर पशुवैद्यांना देणे, सरोवरावरची चोरटी मासेमारी रोखणे, हत्ती शेतात उतरले तर त्यांना परत वळवणे, असा त्यांचा दिवस असतो. वासावरून माग काढणारी कुत्री त्यांच्या पथकात आहेत. ती चोरट्यांचा शोध घेतात, तशीच हरवलेल्या माणसांचाही.

गावात मात्र त्यांच्याकडे नेहमीच प्रेमाने पाहिले जाते असे नाही. उद्यानाची सीमा परकीय राज्यकर्त्यांनी आखली. आमच्या पूर्वजांची जमीन आमच्याकडून गेली, ही खंत आजही अनेक कुटुंबांत जिवंत आहे. ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेली ती माती कुंपणापलीकडे दिसते आणि अलीकडे एका एकरात तीन पिढ्या पोसायच्या असतात. ज्याची भट्टी मोडली, तो कधी शेजारी असतो, कधी चुलतभाऊ. वनरक्षकाला त्या सायंकाळी त्याच वस्तीत परतायचे असते. जंगलातला धोका एक वेळ परवडतो. पण घरच्या माणसांच्या नजरेतला अबोला सोसायला वेगळे धैर्य लागते. संरक्षणाच्या गौरवकथांमध्ये ही बाजू सहसा येत नाही, आणि ती आल्यावाचून त्या माणसांच्या त्यागाचे खरे मोल कळत नाही.

आजवर विरुंगाच्या दोनशेहून अधिक वनरक्षकांनी कर्तव्यावर असताना प्राण गमावले आहेत. २०१८ सालच्या मे महिन्यात रेचेल मासिका बराका या पंचवीस वर्षांच्या तरुणीने परदेशी पाहुण्यांचे रक्षण करताना मृत्यू पत्करला. त्यानंतर उद्यान पर्यटकांसाठी अनेक महिने बंद राहिले. २४ एप्रिल २०२० हा दिवस तर विरुंगाच्या इतिहासातील सर्वांत काळ्या दिवसांपैकी एक. रुमांगाबो येथील मुख्यालयाकडे परतणाऱ्या वनरक्षकांच्या तुकडीला वाटेत दिसले, की सामान्य नागरिकांच्या एका वाहनावर सशस्त्र टोळीने हल्ला चढवला आहे. तो हल्ला त्यांच्यावर नव्हता. बाजूने निघून जाणे शक्य होते, आणि त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर तर झाडे आणि प्राणी यांचेच रक्षण लिहिलेले होते. ते मदतीला धावले. त्या दिवशी बारा वनरक्षक, त्यांचा एक चालक आणि चार नागरिक असे सतरा जीव गेले. वन्यजीवांचा रक्षक आणि माणसांचा रक्षक यांत भेद करता येत नाही, हे त्यांनी कोणत्याही व्याख्यानावाचून सिद्ध केले. ज्याला मुक्या प्राण्याची वेदना ऐकू येते, त्याला माणसाची किंकाळी ऐकू आल्यावाचून राहत नाही.

येथे एक प्रश्न मनाला टोचतो. या रक्षकाच्या हाती बंदूक आहे. करुणेच्या कामाला शस्त्र कसे चालावे? आचारग्रंथांनी हा प्रश्न टाळलेला नाही. संकल्पपूर्वक केलेली हिंसा गृहस्थाला सर्वथा वर्ज्य सांगितली. परंतु आश्रिताचे, दुर्बलाचे रक्षण करताना नाइलाजाने घडणाऱ्या विरोधी हिंसेचा विचार त्यांनी निराळा केला. निराळा केला, निर्दोष ठरवला नाही. तिचे ओझे तेथेही उरतेच. विरुंगातील वृद्ध वनरक्षकांना हे ओझे कदाचित कोणत्याही पंडितापेक्षा अधिक कळत असेल. बंदुकीने भट्टी मोडता येते, भूक मोडता येत नाही. आज मोडलेली भट्टी उद्या दुसऱ्या दरीत पेटते, कारण गोमात संध्याकाळी लाखो चुली पेटायच्याच असतात. मागणी जिवंत असेपर्यंत पुरवठा मरत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

हे ज्यांनी ओळखले, त्यांत उद्यानाचे संचालक एमान्युएल द मेरोद यांचे नाव घ्यावे लागते. बेल्जियमच्या एका उमराव घराण्यातील हे मानववंशशास्त्रज्ञ २००८ साली विरुंगाचे संचालक झाले. १५ एप्रिल २०१४ रोजी गोमाहून रुमांगाबोकडे एकटेच गाडी चालवत जात असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. रक्तबंबाळ अवस्थेत त्यांना प्रथम उचलले ते वाटेवरच्या शेतकऱ्यांनी, आपल्या मोटारसायकलवर घालून. काही आठवड्यांतच ते कामावर परतले. त्यांच्या कारकिर्दीत उद्यानाने जो मार्ग धरला, तो कोणत्याही चतुर व्यापाऱ्याला पटावा असा आहे. कोळशाशी बंदुकीने लढण्यापेक्षा कोळशाहून सोयीचा माल बाजारात आणावा. पर्वतांवरून कोसळणारे पाणी तर फुकट वाहत होते. प्रथम मुत्वांगा येथे एक लहान जलविद्युत केंद्र उभे राहिले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये रुत्शुरू नदीवर मातेबे येथील १३ मेगावॉटहून अधिक क्षमतेचे केंद्र सुरू झाले. जंगल राहिले तर डोंगर पाणी धरतो, पाणी राहिले तर वीज मिळते, आणि वीज मिळाली तर गावाला जंगल जिवंत ठेवण्यात आपला लाभ दिसतो. संवर्धनाच्या वहीत प्रथमच गावकऱ्यांच्या नावे जमेची बाजू लिहिली गेली.

वीज आल्यावर पिठाच्या गिरण्या फिरू लागल्या, लहान कारखाने निघाले. मुत्वांगात साबणाचा कारखाना उभा राहिला. परिसरातील शेतकऱ्यांच्या कोकोपासून तेथल्या तेथे चॉकलेट बनू लागले. कच्चा माल दूर पाठवून तयार मालाचा नफा दुसऱ्याच्या पदरी टाकण्याऐवजी तो गावात राहावा, हा त्यामागचा साधा हिशेब. ज्या तरुणापुढे काल टोळीची बंदूक किंवा भट्टीचे फावडे एवढेच पर्याय होते, त्याच्यापुढे तिसरा पर्याय आला. प्रत्येक तरुणाने तो निवडला असे नाही. गोमाचा कोळसा अद्याप संपलेला नाही, आणि विजेची तार प्रत्येक झोपडीपर्यंत पोहोचलेली नाही. पण हिंसेचा धंदा मोडण्याचा सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे अहिंसेचा धंदा उभा करणे, हे सूत्र तेथे प्रत्यक्षात उतरताना दिसते.

रुमांगाबोच्या आवारात आणखी एक कार्यशाळा आहे. तेथे शिवणयंत्रांवर स्त्रिया काम करतात. त्या कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या वनरक्षकांच्या विधवा आहेत. पती गेल्यावर त्या देशात स्त्रीला घर, शेत, कधी मुलांचे शिक्षणही गमवावे लागण्याची भीती असते. दयेचा तुकडा फार काळ पुरत नाही. हाताला काम मिळाले तर मान ताठ राहते. म्हणून त्यांना शिवणकाम शिकवण्यात आले, आणि त्यांच्या हातच्या वस्तूंची विक्री होते. सुईत दोरा ओवणाऱ्या त्या स्त्रीच्या घरात कोणे एके काळी एक हिरवा गणवेश खुंटीला टांगलेला असे. राष्ट्रे आपल्या वीरांचे पुतळे उभारतात. त्यांच्या मुलांच्या शाळेची फी कोण भरतो, यावर मात्र त्या कृतज्ञतेची परीक्षा होते.

या साऱ्या बलिदानाचे फळ काय, असे विचारणाऱ्याला आकड्यांत उत्तर देता येते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी विरुंगा पर्वतरांगेत, म्हणजे कांगो, रवांडा आणि युगांडा यांच्या सीमा जेथे मिळतात त्या भागात, अडीचशेच्या आसपास पर्वतीय गोरिला उरले होते. २०१५-१६ च्या गणनेत तेथे ६०४ गोरिला आढळले. युगांडातील ब्विंडीच्या वनासह ही संख्या हजाराच्या पुढे गेली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या प्राण्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून काढून संकटग्रस्त वर्गात ठेवले. वानरांच्या महाकाय कुळांत संख्या वाढत असल्याचे असे उदाहरण दुर्मीळच. दोन दशके युद्ध, निर्वासन आणि दारिद्र्य यांनी होरपळलेल्या प्रदेशात हे घडले. मात्र सर्वच हिशेब सुखाचे नाहीत. एडवर्ड सरोवराच्या परिसरात १९७० च्या दशकात पंचवीस हजारांहून अधिक पाणघोडे होते. त्यांची संख्या पुढे हजाराच्याही खाली गेली. आणि २०२२ च्या अखेरीपासून बंडखोरांच्या चढाईमुळे उद्यानाचा मोठा भाग, खुद्द रुमांगाबोचा परिसरही, पुन्हा युद्धाच्या छायेत गेला. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहरच बंडखोरांच्या हाती पडले. राखणदाराचे काम पूर्ण झाले असे कधी होत नाही. ते रोज पहाटे पुन्हा सुरू करावे लागते.

एनडाकासी मात्र जगली. वनात परत सोडणे शक्य नव्हते, म्हणून रुमांगाबो येथील अनाथ गोरिलांच्या केंद्रात ती वाढली. त्या केंद्राला सेनक्वेक्वेचेच नाव दिलेले आहे. मारणाऱ्यांनी ज्याला धमकीचे साधन केले, त्याचे नाव रक्षण करणाऱ्यांनी आश्रयस्थानाला दिले. बौमा आणि त्यांचे सहकारी तिच्याजवळ राहत, तिच्याशी खेळत, तिला भरवत, ती झोपली की जवळ झोपत. २०१९ साली एका वनरक्षकाने काढलेल्या छायाचित्रात ती आणि तिची सखी एनडेझे माणसांसारख्या ताठ उभ्या असलेल्या दिसतात, आणि ते छायाचित्र पाहून सारे जग हसले. हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते, की त्या दोघींच्याही आया बंदुकीला बळी पडल्या होत्या.

२०२१ साली ती दीर्घकाळ आजारी पडली. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने बौमांच्या मांडीवर, त्यांच्या छातीशी डोके टेकून प्राण सोडला. आपण तिच्यावर पोटच्या लेकराप्रमाणे माया केली, असे बौमांनी नंतर सांगितले. तिला मैत्रीण म्हणता आले याचा त्यांना अभिमान होता. तिला वाचवण्यात जी वर्षे गेली, त्यांत तिचे एकटीचेच आयुष्य वाढले असे कोणी म्हणू शकेल. पण त्या चौदा वर्षांत डोंगरावर किती पिल्ले जन्मली, किती पिल्ले आपापल्या आयांच्या कुशीत सुखाने झोपली, आणि त्यांना एकाही माणसाच्या छातीची ऊब शोधावी लागली नाही, हा जमाखर्च वनरक्षकांच्या गस्तीच्या नोंदवह्यांत आहे.

तिच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशीही पहाटे रुमांगाबोच्या आवारातून तुकड्या निघाल्या असतील. केंद्रातील उरलेल्या अनाथांना वेळेवर खाऊ घालायचे होते, फासे शोधायचे होते, आणि गोमाच्या रस्त्यावर कोळशाची पोती लादलेल्या सायकली ढकलत काही माणसे चाललीच होती.